चाकावरची तबकडी

वाऱ्याच्या नजरेने पाहिलं, तर गाडीच्या अंगावर चाकाइतकी बेढब वस्तू दुसरी नाही. बॉनेट उतरतं केलेलं, काच तिरकी, आरसेसुद्धा पाण्याच्या थेंबासारखे घडवलेले, आणि खाली मात्र चार उघडी भगदाडं, त्यांत फिरणारे चार रुंद रबरी ठोकळे. प्रवासी गाडीला हवेचा जो विरोध होतो, त्यातला साधारण पाव हिस्सा चाकं आणि त्यांच्या व्हील आर्च, म्हणजे चाकांवरच्या बॉडीतल्या कमानी, मिळून खातात. त्यातला थोडा वाटा परत मिळवण्याचा एक साधा उपाय म्हणजे रिमवर बाहेरून तबकडी बसवून ती झाकणं.

असं का होतं, हे समजायला चाकाची चाल नीट पाहावी लागते. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी रस्त्याच्या सापेक्ष स्थिर असतो, आणि टायरचा माथा ताशी २०० ने पुढे जात असतो. म्हणजे येणाऱ्या हवेला टायरचा माथा गाडीच्या दुप्पट जोराने भिडतो. खाली वेगळीच गंमत. टायर आणि रस्ता यांच्या चिमटीत सापडलेली हवा दोन्ही बाजूंना पिचकारीसारखी उडते. त्यात बंपरखालून आलेली हवा पुढच्या चाकांवर सरळ येत नाही, ती मधून बाहेरच्या बाजूला पसरत तिरकी येते. आणि मधोमध रिमचे आरे. प्रत्येक आरा हा पंख्याचं पातं असतो. १८५/६५ आर१५ मापाचा टायर घेतला तर त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे ताशी १०० ला मिनिटाला साडेआठशे फेरे. साडेआठशे फेऱ्यांचे चार पंखे, आणि ते आपण मागितलेले नाहीत. ते व्हील आर्चमधली हवा ओढतात आणि गाडीच्या बाजूने सरळ वाहणाऱ्या हवेत बाहेर फेकतात. ती बाजूची हवा अंगाला चिकटून शांतपणे मागे जायला हवी होती. ती विस्कटते, आणि तिची भोवऱ्यांची झालर गाडीच्या मागेपर्यंत लोंबत राहते.

सपाट तबकडी नेमकं एवढंच करते, की आऱ्यांच्या फटी बुजवून हवेचं आतून बाहेर जाणं थांबवते. टायरचा माथा, खालची पिचकारी, आर्चचं भगदाड यांना ती हातही लावत नाही. म्हणून तिच्याकडून पाव हिस्सा वाचवण्याची अपेक्षा करणं चूक. ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, जो आकडा इंजिनिअर लोक सीडी म्हणून सांगतात, तो साध्या हॅचबॅकचा ०.३२ धरला, तर चारही चाकं नीट झाकून तो ०.०१ च्या आसपास खाली येतो. रिमची मूळ रचना जितकी उघडी, तितका फायदा जास्त. आधीच बऱ्यापैकी बंद असलेल्या रिमवर तो जवळजवळ दिसतही नाही.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगाचे विक्रम करायला जाणारे लोक १९५० च्या दशकात चाकांवर अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत घुमटाकार तबकड्या लावत. कॅलिफोर्नियातल्या डीन मून यांच्या वर्कशॉपने त्या इतक्या प्रसिद्ध केल्या, की आजही तशा तबकडीला मून डिस्क म्हणतात. त्या बनवायची रीत आपल्याला परकी नाही. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची पातेली ज्या स्पिनिंग लेथवर पत्रा दाबून काढतात, तीच रीत. घुमटाचा आकार दिसायला छान म्हणून दिलेला नाही. सपाट पातळ पत्रा वाऱ्यात थरथरतो आणि ढोलासारखा वाजतो. दहा-बारा मिलिमीटर फुगवटा दिला की तोच पत्रा ताठ होतो.

गाड्यांच्या कंपन्यांनी हे दोन वाटांनी वापरलं. एक वाट मागचं चाक बॉडीच्या झडपेनेच झाकण्याची. १९९६ ची जनरल मोटर्सची ईव्ही१, सीडी ०.१९, १९९९ ची होंडा इनसाइट, सीडी ०.२५. पुढची चाकं वळतात, म्हणून तिथे अशी झडप लावता येत नाही, निदान गाडी अवाढव्य रुंद केल्याशिवाय. तेव्हा पुढच्या चाकासाठी उरते ती तबकडी, जी चाकाबरोबर फिरते आणि वळते. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये चांगल्या अलॉय चाकांवर प्लॅस्टिकचं झाकण बसवलेलं असायचं आणि पुष्कळ मालक ते काढून ठेवायचे. टेस्ला मॉडेल ३ च्या १८ इंची चाकांचंही तेच झालं. अमेरिकेच्या कार अँड ड्रायव्हर मासिकाने २०१९ मध्ये ती झाकणं लावून आणि काढून मोजलं, तेव्हा विजेच्या वापरात सरासरी ३.४ टक्के फरक मिळाला. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या इंधन-वीज वापर मोजण्याच्या चाचणीत तर गाडीला कुठली चाकं लावली आहेत याचा परिणाम जाहीर आकड्यात धरावा लागतो. त्यानंतरच बाजारात बंद-बंद दिसणारी अलॉय एकाएकी वाढली. आपल्या चाकणमध्येच २०२२ पासून जोडली जाणारी मर्सिडीज ईक्यूएस ०.२० सीडीची आहे. तिची चाकं जवळून पाहा, आऱ्यांमधली जागा किती काटकसरीने मोकळी सोडली आहे ते कळेल.

आता हिशेब, कारण त्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. गाडीचं समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, सीडी ०.३२, हवेची घनता घनमीटरला १.१५ किलो. ताशी १०० ला हवेचा विरोध होतो सुमारे ३१२ न्यूटन. अकराशे किलोच्या गाडीच्या टायरांचा रस्त्याशी विरोध सुमारे १०८ न्यूटन. एकूण ४२०. सीडी ०.०१ ने उतरला की हवेतले जवळजवळ १० न्यूटन कमी होतात, म्हणजे एकूणातले २.३ टक्के. ताशी ८० ला हाच फायदा २ टक्के, १२० ला अडीच. शहरात ताशी ४० ला कागदावर एक टक्का दिसतो, पण सिग्नलवर थांबत-सुटत जाताना तो कुठे हरवतो ते सापडणार नाही. कोथरूडहून शिवाजीनगरला रोज जाणाऱ्याने या भानगडीत पडूच नये.

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ताशी १०० धरून तो पूर्ण चालवला, तर हे १० न्यूटन पाऊण लिटरच्या जरा आत पेट्रोल वाचवतात. इलेक्ट्रिक गाडीत तेवढ्याच अंतराला सुमारे दोन युनिट वीज. एका चार्जवर हायवेला ३०० किलोमीटर जाणारी गाडी सहा-सात किलोमीटर जास्त जाते. दोन टक्के ऐकून हसू येणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की इंजिनात दोन टक्के काढायला कंपन्यांची वर्षं जातात. आणि 'मायलेज वीस टक्के वाढलं' म्हणणाऱ्याने मोजलेलं नाही, हेही तितकंच खरं.

करायचं कसं? सर्वांत सुखी माणूस बेस व्हेरियंटचा मालक. त्याच्याकडे लोखंडी रिम आणि त्यावर कंपनीचं प्लॅस्टिकचं व्हील कव्हर असतं, ज्याला गॅरेजवाले व्हील कॅप म्हणतात. ते कव्हर आपल्या क्लिपा आणि मागच्या तारेच्या रिंगवर पक्कं बसतं. म्हणजे चाकावर काही धरून ठेवण्याचं अवघड काम कंपनीने आधीच करून ठेवलंय. आपण फक्त त्या कव्हरची भोकं बुजवायची. आणि ती सगळी बुजवायची गरजही नाही. फायद्याचा मोठा वाटा रिमच्या बाहेरच्या कडेजवळचा पट्टा झाकण्यात असतो, कारण आरे तिथे सर्वांत जोरात फिरतात आणि तिथूनच हवा बाहेर पडते. मधला भाग उघडा राहिला तरी थोडंच जातं. म्हणून पूर्ण थाळीऐवजी रुंद कडं करायचं, मध्ये १५० मिलिमीटरचं भोक ठेवून. त्या भोकातून ब्रेकला हवा मिळते, नट दिसतात, आणि टायरवाल्याला दर वेळी सगळं खोलावं लागत नाही.

माप घेताना लक्षात ठेवायचं, की १५ इंची रिमची बाहेरची कड १५ इंच नसते. टायर बसतो ती जागा ३८० मिलिमीटर, त्यावर दोन्ही अंगांना कडेची उंची धरून बाहेरून बाहेर सुमारे ४१५. १४ इंचीला साधारण ३९०, १६ इंचीला ४४०. कडं ४१५ ऐवजी ४०५ ते ४१० चं ठेवायचं. टायर खाली रस्त्याला टेकतो तिथे त्याची बाजू फुगते; झाकणाची कड त्या फुगवट्याला घासली, तर काही हजार किलोमीटरांत साइडवॉल कापला जातो. कडं टायरच्या बाजूच्या पातळीबाहेर येता कामा नये. ते सुरक्षेसाठी, आणि वाऱ्यासाठीही. बाहेर आलेली कड म्हणजे पुन्हा एक ठोकळाच.

सामान कोणतं? १ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम किंवा २ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट. मधल्या भोकासकट कडं दोन्हींत ३०० ग्रॅमच्या आसपास येतं. साइनबोर्डवाल्यांकडचं ३ मिलिमीटर एसीपी (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर) स्वस्त मिळतं, पण दीडपट जड पडतं. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, उन्हात मऊ होतो. अ‍ॅक्रिलिक तर अजिबात नको, एका खड्ड्यात त्याचे भाल्यासारखे तुकडे होतात. भोसरीसारख्या भागात लेझर किंवा राउटर यंत्रावर चार कडी कापून मिळतात, आणि हाताने कापण्यापेक्षा तेच बरं, कारण गोलाई आणि भोकं चारही कड्यांत सारखी येतात.

पहिल्या प्रयोगाला पॉलिकार्बोनेट घ्यावं असं आमचं ठाम मत आहे. १ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची उघडी कड म्हणजे सुरी. ताशी १०० ला सुटलेलं ३०० ग्रॅमचं कडं शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वारावर आदळलं तर काय होईल, याचा विचार कापायच्या आधी करायचा. अ‍ॅल्युमिनियमच हवं असेल तर बाहेरची कड कानशीने गोल करून तिच्यावर रबरी बीडिंग चढवावं, दाराच्या कडेला लावतात तसलं.

कव्हर काढून साबणाने धुवायचं आणि क्लिपा तपासायच्या. एक जरी तुटलेली असली तरी ते कव्हर या कामाला बाद. पुठ्ठ्याचा साचा करून व्हॉल्व्हची जागा खुणावायची आणि तिथे ३० मिलिमीटरचं भोक ठेवायचं. हे भोक विसरलं, किंवा दिसायला वाईट म्हणून टाळलं, की माणूस हवा तपासणं पुढे ढकलतो. ३३ पीएसआयचे २८ झाले की टायरचा विरोध सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि झाकणाने कमावलेलं बहुतेक तिथेच जातं.

मग साधारण ३३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतराने आठ भोकं. एम५ चा बसक्या डोक्याचा स्क्रू, सोळा मिलिमीटर लांब, आतून नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असते, म्हणून आपोआप सैल होत नाही), दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. स्क्रू पाचचा असला तरी पॉलिकार्बोनेटमध्ये भोक साडेसहाचं पाडायचं. काळं कडं मे महिन्याच्या उन्हात पहाटेपेक्षा चाळीस अंशांनी तापतं आणि एवढ्या रुंदीत सुमारे एक मिलिमीटर वाढतं. त्याला जागा दिली नाही तर भोकापासून चीर सुटते. नट गच्च आवळायचा नाही, वॉशर बोटाने जेमतेम फिरेल इतकाच. आणि थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावतात त्या गोंदाचा, एक थेंबही नको. ते पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतं, थिनर आणि पेट्रोलही तेच करतात. पुसायला साबणाचं पाणी पुरे.

ताशी १०० ला त्या वर्तुळावरच्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३४ पट ओढ लागते. दहा ग्रॅमचा नट-बोल्ट १.३ किलो वजनासारखा बाहेर खेचला जातो. म्हणून दुहेरी टेपवर काहीही चिकटवायचं नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो. उलट कडं दोन मिलिमीटर एका बाजूला सरकलं म्हणून घाबरायचं कारण नाही. रिमच्या कडेवर तो फरक तीन ग्रॅमचा होतो, आणि बॅलन्सिंगची शिशाची वजनंच पाच ग्रॅमच्या टप्प्याने येतात. दहा मिलिमीटर सरकलं तर मात्र पंधरा-सोळा ग्रॅम, आणि ते स्टीअरिंगवर जाणवेल. कडं खिळ्यावर लोंबकळवून दोन-तीनदा फिरवून पाहायचं. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल, तर त्या बाजूची कड थोडी घासायची.

शेवटी सुरक्षेची दोरी: रिमच्या भोकांतून तीन जाड काळे केबल टाय कव्हरला बांधायचे. क्लिपा सुटल्या तरी कव्हर चाकावरच खडखडेल, रस्त्यावर जाणार नाही. काळेच, कारण पांढरे उन्हात ठिसूळ होतात. मग दहा किलोमीटर ताशी ४० ने, थांबून पाहणी, मग ६०, मग ८०. दर वेळी खाली उतरून आठही स्क्रूंना हात लावायचा.

एक चूक फार होते आणि ती जिवावरची आहे. तबकडी थेट व्हील नटखाली दाबून बसवतात, चार नट काढले, तबकडी ठेवली, नट आवळले. नट आणि रिम यांच्यामध्ये प्लॅस्टिक किंवा मऊ पत्रा आला की तो गरम होऊन हळूहळू दबतो, आवळलेला ताण उतरतो, आणि नट सैल होतात. निघून जातं ते चाक, तबकडी नव्हे. नट आणि रिम यांच्यामध्ये कागदसुद्धा नको.

अलॉयला हे सगळं अवघड आहे. तिथे आऱ्यांच्या मागे रबर लावलेल्या पट्ट्या ठेवून कडं त्यांच्याशी आरपार बोल्टने आवळावं लागतं, आणि त्या पट्ट्या ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला, लागत नाहीत ना हे चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावं लागतं. कंपनीचे तयार एरो इन्सर्ट, म्हणजे आऱ्यांच्या फटींत बसणारे तुकडे, मिळत असतील तर तेच घ्यावेत.

ब्रेकबद्दल मनात येणारी शंका रास्त आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या जवळ, खोपोली साठ-सत्तरवर. माणसं आणि सामान धरून १४०० किलोची गाडी बोरघाट उतरते तेव्हा साडेपाचशे मीटरांची जी ऊर्जा सोडावी लागते, ती चोवीस लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. त्यातला बराच भाग हवा आणि टायर घेतात. उरलेला कुणी घ्यायचा, हे गिअर ठरवतो. दुसऱ्या-तिसऱ्यात उतरलात तर इंजिन घेतं. न्यूट्रल करून उतरलात तर बहुतेक पुढच्या दोन डिस्कच्या डोक्यावर, आणि नेमकी तेव्हाच झाकलेल्या चाकात हवा कमी. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १४० ला. कोकणच्या दमट हवेत दोन वर्षांचं झालेलं ऑइल त्या दुसऱ्या आकड्याकडे सरकलेलं असतं. झाकणं लावण्याआधी ते बदलून घ्यावं. पुढच्या चाकांचं मधलं भोक बुजवायचा मोह टाळावा. मागच्या चाकांना बहुतेक हॅचबॅकमध्ये ड्रम असतात आणि ब्रेकचा भार कमी असतो, तिथे पूर्ण थाळी चालते. इलेक्ट्रिक गाडीत रीजनरेशन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत भरणं, हा भार उचलतं, पण बॅटरी भरलेली असेल तर वीज ठेवायला जागाच नसते, आणि मग साधे ब्रेकच कामाला लागतात. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू नये, झाकणं असोत वा नसोत.

फरक पडला की नाही, हे टाकी भरून कळत नाही. पंपावरचं पिस्तूल एकदा लवकर बंद झालं, पुढच्या वेळी उशिरा, की पस्तीस लिटरांत एक लिटरचा घोळ, म्हणजे तीन टक्के. मोजायचं असेल तर बंद ट्रॅकवर किंवा पूर्ण रिकाम्या, सपाट, खासगी रस्त्यावर. ताशी ९० ला न्यूट्रल करायचं आणि ७० पर्यंत उतरायला लागणारा वेळ घ्यायचा. आपल्या हॅचबॅकला तो एकवीस सेकंदांच्या आसपास येईल, आणि झाकणांनी त्यात अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी भर पडेल. म्हणून दोन्ही दिशांना मिळून वीस तरी फेऱ्या, आधी उघडी चाकं, मग झाकलेली, मग पुन्हा उघडी. शेवटची उघडी फेरी पहिलीशी जुळली नाही, तर त्या दिवसाचे सगळे आकडे टाकून द्यायचे. सेकंदाला दोन मीटरची झुळूक, जिने झाडाची पानं जेमतेम हलतात, ती समोरून आली की ताशी ८० ला हवेचा विरोध १९ टक्क्यांनी वाढवते. २५ अंशांची पहाट ३५ अंशांची सकाळ झाली की हवा तीन टक्क्यांनी विरळ होते, म्हणजे उन्हानेच झाकणापेक्षा जास्त काम केलेलं असतं. सगळं सूर्य वर यायच्या आत उरकावं लागतं.

हवेचं वागणं डोळ्यांनी पाहण्याचा आणखी सोपा मार्ग आहे. चाकामागच्या दारावर सहा-सात सेंटिमीटरचे लोकरीचे धागे टेपने ओळीत लावायचे आणि शेजारच्या गाडीतून व्हिडिओ घ्यायचा, गाडी चालवणाऱ्याने नव्हे. उघड्या चाकामागे खालचे धागे वेड्यासारखे गोल फिरतात. कडं लावल्यावर त्यांतले वरच्या ओळींतले मागे सरळ झोपतात, सर्वांत खालचे मात्र तसेच फडफडत राहतात. ती टायरखालची पिचकारी, तिच्यावर तबकडीचा इलाज नाही.

पावसाळ्यात हे सगळं उतरवावं. गुडघाभर पाण्यात शिरलेल्या गाडीचं झाकण पाण्याच्या दाबाने उपटून निघतं, साधं कंपनीचंसुद्धा. लाल चिखल आतून कड्याला बसतो, एका बाजूला वाळतो, आणि ऐंशीच्या पुढे गाडी थरथरू लागते. मग बॅलन्सिंगवर पैसे जातात आणि दोष सापडत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही कव्हर काढायची, आतून मार्करने 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' असं लिहायचं, केबल टाय कापून टाकायचे आणि कव्हर आडवी ठेवायची. उभी टेकवून ठेवली तर पॉलिकार्बोनेटला बाक येतो. ऑक्टोबरमध्ये परत चढवताना नवे टाय, नवे नायलॉक नट, आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती भिंगातून एकदा नजर. केसाएवढी चीर दिसली तरी ते कडं बाद करायचं आणि नवं कापून आणायचं.